भूतानचं दार उघडतं सिलिगुडीत

भूतानच्या सहलीचं कुठलंही पत्रक घ्या. पहिल्या दिवसासमोर बहुतेक वेळा एकच कोरडी ओळ असते: 'बागडोगरा विमानतळावर किंवा न्यू जलपायगुडी स्टेशनवर आगमन, तिथून फुंत्शोलिंगकडे प्रयाण.' फोटो सुरू होतात ते दुसऱ्या दिवसापासून. कड्याला बिलगलेला तक्तसांगचा मठ, पुनाखाचा झोंग, प्रार्थनेच्या पताका.

त्या कोरड्या ओळीत पाच लाखांहून जास्त वस्तीचं एक शहर दडलेलं आहे. विमानतळाचं नाव बागडोगरा, स्टेशनचं नाव न्यू जलपायगुडी, त्यामुळे शहराचं नाव पत्रकात येतच नाही. ते शहर म्हणजे सिलिगुडी.

रस्त्याने भूतानला जाणारे बहुतेक भारतीय इथूनच जातात. दार्जिलिंग आणि सिक्कीमला जाणारेही इथेच उतरतात. पूर्व नेपाळला जायचं असेल तर मेची नदीचा पूल इथून तासाभरावर आहे आणि बांगलादेशची हद्द तर शहराला जवळजवळ लागूनच. तरीही सिलिगुडी बघायला म्हणून कुणी येत नाही. आलेला माणूस गाडी बदलतो, चहा पितो, टॅक्सीवाल्याशी घासाघीस करतो आणि पुढे जातो.

भूतानची ओळख 'मोजकेच पर्यटक घेणारा देश' अशी आहे. ही निवड त्या देशाची स्वतःची आहे आणि ती कौतुकास्पदही आहे. पण दार किती उघडायचं हे ठरवायचं, तर दाराबाहेरची गर्दी कुणीतरी सांभाळावी लागते. गेली साठ वर्षं ते काम सिलिगुडी करत आली आहे. दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं, हे मात्र या शहराला कधीच कुणी विचारलं नाही. ही वाटणी कशी झाली, त्याची ही गोष्ट.

अठरा दारं

सिलिगुडीहून पूर्वेकडे निघालं की चहाचे मळे, सालाची जंगलं आणि नद्यांची रुंद, दगडगोट्यांनी भरलेली पात्रं लागतात. या पट्ट्याला डुआर्स म्हणतात. इंग्रजी वाटणारा हा शब्द 'दुआर'वरून आलाय आणि दुआर म्हणजे आपलं दारच. भूतानच्या डोंगरातून मैदानात उतरणाऱ्या घाटवाटांची ही दारं. अशी अठरा दारं मोजली जात, अकरा बंगालच्या बाजूला आणि सात आसामच्या.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या दारांच्या पायथ्याची सुपीक जमीन भूतानच्या अमलाखाली होती. डोंगरात भात आणि कापूस पुरेसा पिकत नाही, तो या मैदानातून मिळे. आसामकडचे दुआर इंग्रजांनी १८४१ मध्ये घेतले. बंगालकडच्या दुआरांसाठी १८६४-६५ मध्ये युद्ध झालं आणि ११ नोव्हेंबर १८६५ च्या सिंचुला तहाने तेही गेले. त्याबदल्यात इंग्रज सरकारने भूतानला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलं. ती पुढे वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत जाणार होती.

पर्यटनाच्या गोष्टीत हे युद्ध कशाला, असं वाटेल. पण आजच्या प्रवासाचा आराखडा इथेच ठरला. दक्षिणेकडची सपाट जमीन गेल्यावर भूतानची हद्द डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबली. रेल्वेचं मोठं स्टेशन, गाड्यांचे अड्डे, गोदामं या सगळ्याला सपाट जागा लागते. म्हणजे पुढे भूतानला जाणारी माणसं जिथे जमणार होती, ते ठिकाण भूतानबाहेरच असणार हे तेव्हाच पक्कं झालं.

मग इंग्रजांनी दुआरांत चहा लावला. डुआर्समधला पहिला मळा १८७४ मध्ये गाजोलडोबा इथे उभा राहिला. चहामागोमाग रेल्वे आली.

गाडी बदलायचं गाव

कलकत्त्याहून सिलिगुडीपर्यंत रेल्वे आली १८७८ मध्ये. सुरुवातीला पद्मा नदीवर पूल नव्हता. प्रवासी एका काठावर गाडीतून उतरत, बोटीने नदी ओलांडत आणि पलीकडे दुसऱ्या गाडीत बसत. १८८१ मध्ये सिलिगुडीहून दार्जिलिंगपर्यंत दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी धावू लागली. १९१५ मध्ये पद्मेवर हार्डिंज पूल झाला. कलकत्त्याला संध्याकाळी गाडीत बसलेला साहेब सकाळी सिलिगुडीत उतरायचा आणि छोट्या गाडीने थंड हवेकडे निघायचा.

सिलिगुडी तेव्हा अगदीच छोटं गाव होतं. १९४१ च्या जनगणनेत जेमतेम १० हजार लोक. लोकांनी उतरावं, गाडी बदलावी आणि जावं, एवढंच गावाचं काम. तिथून जे पुढे जात, त्यांतही भूतानला जाणारे जवळजवळ नव्हतेच. भूतान परक्या माणसांना घेत नसे. इंग्रज अधिकारी किंवा खास निमंत्रित असे थोडे लोक जात, आणि त्यांची नेहमीची वाटही डुआर्समधून सरळ वर चढणारी नव्हती. ती उत्तरेकडून फिरून, सिक्कीममधून तिबेटच्या चुंबी खोऱ्यात आणि तिथून पश्चिम भूतानमध्ये जायची.

खेचरांचे तांडे, लोकर, मीठ, चहा हा सगळा व्यापार कालिंपोंगच्या बाजारात यायचा. कालिंपोंगही १८६५ पूर्वी भूतानचंच होतं. भूतानचा भारताशी संबंध ठेवणारं दोर्जी घराणं इथल्याच 'भूतान हाउस'मध्ये राहायचं. तेव्हा भूतानचं भारतातलं दार कालिंपोंगला होतं आणि सिलिगुडी हे त्या वाटेवरचं फक्त स्टेशन होतं.

रेषा आखली आणि शहर वाढलं

ऑगस्ट १९४७ मध्ये रॅडक्लिफची रेषा आली आणि कलकत्ता ते सिलिगुडी हा मुख्य लोहमार्ग मधोमध पूर्व पाकिस्तानात गेला. पार्बतीपूर, हार्डिंज पूल, सगळं पलीकडे. आसामचे उरलेल्या भारताशी जोडणारे रूळही तुटले. उत्तर बंगालमध्ये भारताची जमीन नेपाळ आणि पाकिस्तान यांच्या मध्ये चिंचोळी झाली. अगदी अरुंद जागी ती वीस-बावीस किलोमीटरच आहे. लष्करी भाषेत तिला 'चिकन्स नेक' म्हणतात, कोंबडीची मान. सिलिगुडी नेमकी त्या मानेवर आहे.

नव्या सरकारने घाईने आसाम रेल लिंक बांधायला घेतली. इंजिनियर कर्नैल सिंग यांच्या देखरेखीखाली तराई आणि डुआर्समधून, दर काही मैलांवर आडव्या येणाऱ्या नद्यांवर पूल टाकत, दोन वर्षांत हा मीटरगेज मार्ग उभा राहिला. २६ जानेवारी १९५० ला, म्हणजे भारत प्रजासत्ताक झाला त्याच दिवशी, त्यावर प्रवासी गाडी सुरू झाली. आज सिलिगुडीहून हासीमाराला, म्हणजे भूतानच्या दाराजवळच्या स्टेशनला जाणारी गाडी याच वाटेने जाते. हा मार्ग भूतानसाठी बांधलेला नव्हता, आसाम हातातून सुटू नये म्हणून बांधलेला होता.

पूर्व बंगालमधून निर्वासित येत राहिले. १९५१ मध्ये सिलिगुडीची लोकसंख्या ३२ हजारांवर गेली, १९६१ मध्ये ६५ हजारांवर. दहा वर्षांत तिप्पट आणि वीस वर्षांत सहापटीहून जास्त. घरदार सोडून आलेल्या माणसांना जमीन नव्हती, पण रस्ता होता. दुकान, खाणावळ, लॉज, गॅरेज, ट्रक, बस हेच त्यांचं शेत झालं. पुढे पर्यटनाला जी माणसं लागणार होती, ती अशी आधीच येऊन बसली.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शहराच्या दक्षिण टोकाला नवं ब्रॉडगेज स्टेशन झालं. त्याचं नाव न्यू जलपायगुडी, सगळ्यांच्या तोंडी एनजेपी. जलपायगुडी शहर तिथून बरंच लांब आहे, आणि नावाला फसून आजही कुणीतरी चुकीचं हॉटेल बुक करतं. पश्चिमेला बागडोगऱ्याला हवाई दलाचा तळ आहे आणि त्याच धावपट्टीवर नागरी विमानंही उतरतात. १९७१ मध्ये फराक्का इथे गंगेवर रेल्वे पूल झाला आणि कलकत्त्याहून येणाऱ्या माणसाची बोटीची कटकट संपली. स्टेशन, विमानतळ, राष्ट्रीय महामार्ग असं सगळं एकाच शहराच्या कुशीत आलं, आणि त्यातलं जवळपास काहीच पर्यटकांसाठी बांधलेलं नव्हतं. फाळणी आणि संरक्षणाच्या काळजीने ते बांधून घेतलं होतं.

पंतप्रधान खेचरावर

सप्टेंबर १९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले. वय ६८. सोबत इंदिरा गांधी. रस्ता नव्हता, म्हणून गंगटोकहून नथुला, तिथून तिबेटमधलं यातुंग आणि मग पारो, असा अनेक दिवसांचा प्रवास. कधी पायी, कधी घोड्या-खेचरांवर, कधी याकवर. भारताच्या पंतप्रधानाला शेजारच्या मित्रदेशात जायला चीनच्या ताब्यातल्या तिबेटमधून जावं लागलं, यातच सगळं आलं.

पुढच्याच वर्षी ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि १९६० मध्ये भूतानने तिबेटची सीमा बंद केली. मीठ-लोकरीचा शेकडो वर्षांचा व्यापार थांबला. उत्तरेचं दार लागलं आणि आता दक्षिणेकडे रस्ता काढणं भाग होतं.

तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांनी १९६१ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू केली. त्याच वर्षी भारताच्या सीमा रस्ते संघटनेने भूतानसाठी 'दंतक' हा प्रकल्प उभा केला. फुंत्शोलिंगहून थिंपू आणि पारोकडे जाणारा रस्ता डोंगर फोडून काढला आणि १९६२ मध्ये त्यावरून जीप जाऊ लागली. ज्या प्रवासाला खेचरावर सहा दिवस लागत, तो एका दिवसात होऊ लागला. सुमारे पावणेदोनशे किलोमीटरच्या या एका रस्त्याने भूतानचं तोंड फिरवलं. दार कालिंपोंगहून फुंत्शोलिंगला आलं आणि त्याच्या मागे उभी होती सिलिगुडी. सिमेंट, डिझेल, तांदूळ, औषधं, पाहुणे, जे काही वर जायचं ते आता सिलिगुडीकडून जयगावला आणि जयगावहून फाटकातून आत.

दोनशे सत्त्याऐंशी पाहुणे

२ जून १९७४ ला चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचा राज्याभिषेक झाला. परदेशी पाहुण्यांसाठी हॉटेलं आणि अतिथिगृहं बांधली होती. सोहळा संपल्यावर त्या खोल्यांचं काय करायचं? उत्तर होतं पर्यटन. त्या वर्षी २८७ पर्यटक आले. भूतानचं स्वतःचं चलन, न्गुलत्रुमही त्याच वर्षी आलं आणि त्याची किंमत रुपयाला बांधली, एकास एक. आजही भूतानमध्ये भारतीय नोट चालते.

सुरुवातीपासून भूतानने एक गोष्ट ठरवली: पर्यटक थोडे घ्यायचे आणि त्यांच्याकडून पैसे जास्त घ्यायचे. परदेशी माणसाला दर दिवसाचा ठरावीक दर भरून, गाइड घेऊन, आखलेल्या वाटेनेच फिरावं लागे. पारोला विमानसेवा नव्हती, त्यामुळे या श्रीमंत पाहुण्यांनाही सिलिगुडी चुकत नसे. कलकत्त्याहून विमानाने बागडोगरा, मग गाडीने डुआर्स ओलांडून फुंत्शोलिंग. डुआर्सचा पट्टा संवेदनशील, त्यामुळे तिथून जायला भारत सरकारची वेगळी परवानगी काढावी लागे. म्हणजे भूतानने हो म्हटलं तरी दिल्लीनेही हो म्हणायला हवं होतं.

११ फेब्रुवारी १९८३ ला ड्रुक एअरचं १८ आसनांचं छोटं डॉर्नियर विमान पारो आणि कलकत्ता यांच्यामध्ये उडू लागलं. आता डॉलर मोजणारा पाहुणा डुआर्सच्या डोक्यावरून थेट उडून जाऊ शकत होता. तिथून भूतानच्या पर्यटनाच्या दोन वाटा झाल्या. एक आकाशातली, महाग आणि शांत. दुसरी जमिनीवरची, स्वस्त आणि गजबजलेली. ही दुसरी वाट आपली, म्हणजे भारतीयांची.

हजार माणसं, चार-चारच्या गाड्या

ही दुसरी वाट चालते कशी?

सकाळी एनजेपीला कोलकात्याहून रात्रभर धावून आलेली गाडी लागते. तिच्यातून हजारभर माणसं उतरतात. कुणाला दार्जिलिंगला जायचंय, कुणाला गंगटोकला, कुणाला काकरभिट्टामार्गे नेपाळला, कुणाला जयगावला. रेल्वे माणसं घाऊक आणते, डोंगर मात्र ती किरकोळीत घेतो. घाटरस्त्यावर लहान गाडीच चालते. घाऊकाचं किरकोळ करणं हे सिलिगुडीचं खरं कसब. त्यासाठी स्टेशनबाहेर टॅक्सी, तेनझिंग नोर्गे बसस्थानकावर बस, हिल कार्ट रोडवर लॉज, त्यामागे गॅरेज आणि टायरची दुकानं, आणि या सगळ्यांना सकाळी पाचला चहा देणारी टपरी लागते. विमानतळ बांधला की हे आपोआप येत नाही. ते साचायला पिढ्या जातात.

तिथून जयगाव सुमारे दीडशे किलोमीटर, चार-पाच तासांचा रस्ता. तिस्तेवरचा सेवोकचा पूल, मळे, जंगल, आणि भूतानमधून उतरणाऱ्या एकेक नद्या. पावसाळ्यात यातली एखादी फुगली की सगळ्यांचं वेळापत्रक कोलमडतं. रेल्वेने जायचं तर हासीमाराला उतरायचं, तिथून जयगाव वीसेक किलोमीटर. हा लोहमार्ग जंगलातून जातो. २००४ च्या सुमारास तो ब्रॉडगेज झाला, गाड्या वाढल्या, वेग वाढला आणि रुळांवर हत्ती मरण्याचं प्रमाणही वाढलं. तुमच्या-माझ्या सहलीचा हा खर्च कुठल्याच पॅकेजमध्ये लिहिलेला नसतो.

जयगाव आणि फुंत्शोलिंग यांच्यामध्ये एक नक्षीदार फाटक आहे. अलीकडे हॉर्न, फेरीवाले, तिसऱ्या मजल्यापर्यंत पाट्या. पलीकडे रुंद रस्ता, झेब्रा क्रॉसिंगवर थांबणाऱ्या गाड्या. पर्यटक इथे हमखास म्हणतो, 'बघा, किती शिस्त!' शिस्त आहेच. पण फुंत्शोलिंगच्या दुकानांचा घाऊक बाजार जयगावात आहे, आणि तिथे काम करणारी कितीतरी माणसं रोज सकाळी याच फाटकाने जाऊन संध्याकाळी परत येत. एका बाजूची शांतता आणि दुसऱ्या बाजूचा गोंगाट हे एकाच गावाचे दोन भाग समजले, तर चित्र नीट दिसतं.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवून परवाना मिळतो. परदेशी पर्यटकांचा रोजचा दर आपल्याला लागू नव्हता. बागडोगऱ्याची विमानं वाढली, मुंबईहून थेट विमान मिळू लागलं, आणि सोबत स्वतःचा आचारी घेऊन फिरणारे मराठी ग्रुपही पारोत दिसू लागले. २०१९ मध्ये भूतानमध्ये सुमारे ३ लाख १५ हजार पर्यटक आले. त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त शेजारच्या देशांतले, आणि त्यात बहुतेक भारतीय. देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत. म्हणजे दर पाच रहिवाशांमागे वर्षाला दोन पाहुणे. 'थोडे पर्यटक' हे धोरण फक्त विमानाच्या वाटेवर उरलं होतं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये एका भारतीय बाइकस्वाराने दोचुला खिंडीतल्या छोर्तेनवर चढून फोटो काढला आणि भूतानमध्ये संताप उसळला. दोचुलाला असे १०८ छोर्तेन आहेत. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने आपल्या जंगलात तळ ठोकलेल्या भारतातल्या बंडखोर गटांना हुसकलं, त्या लढाईच्या स्मरणार्थ ते उभारले आहेत. भारताच्या बाजूने आलेल्या बंदूकधाऱ्यांशी लढताना मेलेल्या सैनिकांचं स्मारक, आणि त्यावर बूट घालून चढलेला भारतीय पर्यटक. त्या एका फोटोने इतकं का दुखलं, ते यावरून कळावं.

अडीच वर्षं बंद

भूतानने विचार बदलला. २०२० च्या सुरुवातीला कायदा झाला: जुलैपासून भारत, बांगलादेश आणि मालदीवच्या पर्यटकांनी माणशी, दर रात्री १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावं. पण ते लागू होण्याआधीच मार्चमध्ये कोरोनाने फाटक बंद झालं. ते पर्यटकांसाठी पुन्हा उघडलं २३ सप्टेंबर २०२२ ला. अडीच वर्षांनी.

या अडीच वर्षांत भूतानने आपल्या लोकांचा जीव ज्या काळजीने जपला, त्याचं जगभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण फाटकाच्या अलीकडे जयगावची हॉटेलं, गाड्या आणि दुकानं यांच्यासमोर गिऱ्हाईकच उरलं नाही. रोज पलीकडे कामाला जाणाऱ्यांचं काम एका दिवसात गेलं. सिलिगुडीला निदान दार्जिलिंग आणि सिक्कीम होतं, जयगावला भूतानखेरीज काही नव्हतं. आणि दुसऱ्या देशाने आपली सीमा बंद केली तर नुकसानभरपाई मागायची कुणाकडे? थिंपूला ही माणसं मत देत नाहीत आणि दिल्लीला ती दिसत नाहीत.

फाटक उघडलं तेव्हा व्यवस्था बदललेली होती. पायी जाणाऱ्यांसाठी वेगळी इमारत, तिथे ओळखपत्राची तपासणी. पूर्वीसारखं सहज चालत पलीकडे जाऊन मोमो खाऊन येणं संपलं. चार मोठ्या माणसांचं कुटुंब भूतानमध्ये पाच रात्री राहिलं तर नुसतं शुल्क २४ हजार रुपये. मग सहलीच्या रात्री कमी होतात. सगळे भूतानला जाणं थांबवत नाहीत, आजही सर्वाधिक पर्यटक भारतातूनच जातात. पण प्रत्येक कमी झालेली रात्र, प्रत्येक रद्द झालेलं बुकिंग सिलिगुडीच्या टॅक्सीपर्यंत पोहोचतं.

भूतानची बाजू खोटी नाही. छोटा देश, नाजूक डोंगर, आणि पाहुण्यांच्या पैशातून शाळा-दवाखाने चालवायची इच्छा. कुणाला किती घ्यायचं हा त्यांचाच हक्क आहे. प्रश्न आपल्या बाजूचा आहे. ज्या शहराची रोजीरोटी शेजारच्या देशाच्या दारावर टांगलेली आहे, त्याचा विचार आपण कधी केला का?

हा अनुभव एका दारापुरता नाही. सिलिगुडीजवळच्या हल्दीबाडीहून बांगलादेशातल्या चिलाहाटीला जाणारा जुना लोहमार्ग १९६५ च्या युद्धात बंद पडला आणि डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा जोडला गेला. १ जून २०२२ पासून एनजेपी ते ढाका 'मिताली एक्स्प्रेस' धावू लागली. फाळणीने तोडलेली वाट अखेर जुळली म्हणून शहर आनंदलं. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात अशांतता पसरली आणि गाडी थांबली. शहराच्या हातात तेव्हाही काही नव्हतं.

नवे रूळ

आता आराखडा पुन्हा बदलतोय. सप्टेंबर २०२५ मध्ये भारत आणि भूतान यांनी दोन रेल्वेमार्ग जाहीर केले. एक आसाममधल्या कोक्राझारहून भूतानमधल्या गेलेफूला, ६९ किलोमीटर. दुसरा डुआर्समधल्या बानरहाटहून साम्त्सेला, २० किलोमीटर. दोन्हींचा मिळून खर्च चार हजार कोटींच्या घरात. भूतानमध्ये जाणारे हे पहिले रूळ असतील.

साम्त्सेचा मार्ग सिलिगुडीच्या हद्दीतलाच म्हणायचा, बानरहाट याच आसाम रेल लिंकवर आहे. गेलेफूची गोष्ट वेगळी. तिथे भूतानचे राजे 'माइंडफुलनेस सिटी' नावाचं नवं शहर वसवतायत, विमानतळासकट. ते उभं राहिलं तर भूतानचं मुख्य दार शंभरहून अधिक किलोमीटर पूर्वेला सरकेल, आणि त्याच्या मागे असेल आसाम. कालिंपोंगचं दार १९६० नंतर असंच सरकलं होतं. कालिंपोंगचा लोकरीचा बाजार बसला तो कुणाच्या चुकीने बसला नव्हता, फक्त वाट बदलली होती.

दुसरीकडे बागडोगऱ्याला वर्षाला एक कोटी प्रवाशांची क्षमता असलेली नवी इमारत मंजूर झाली आहे, खर्च १५४९ कोटी. म्हणजे माणसं येणारच. त्यातली किती भूतानला जातील, ते थिंपूत ठरेल. कुठल्या फाटकातून जातील, ते दिल्ली आणि थिंपू मिळून ठरवतील. दोन्हींच्या टेबलावर जयगावचा हॉटेलवाला किंवा एनजेपीचा टॅक्सीवाला नसेल. निदान त्या भागातल्या नगरपालिकांना आणि वाहतूकदारांच्या संघटनांना या बोलण्यात जागा द्यायला हवी. सीमा बंद झाली तर सीमेवरच्या गावाला काय मदत मिळेल, हे आधी ठरवून ठेवायला हवं. पूर आणि दुष्काळासाठी आपण काहीतरी ठरवून ठेवतो, बंद फाटकासाठी काहीच नाही.

तुम्ही कधी त्या वाटेने गेलात, तर एनजेपीहून जयगावला नेणाऱ्या ड्रायव्हरशी जरा बोला. वाटेत चार तास असतातच. मार्च २०२० ते सप्टेंबर २०२२ या काळात तुम्ही काय करत होता, एवढंच विचारा. भूतानच्या पर्यटनाचा हा भाग अजून फारसा कुणी लिहून ठेवलेला नाही.